बाळाच्या खोलीत ह्युमिडिफायर: आधी हवा मोजा, मग पाणी तपासा

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. मुलगा १४ महिन्यांचा. डिसेंबर लागल्यापासून त्याचं नाक सुकतं, सकाळी शेंबडात रक्ताचा बारीक ठिपका दिसतो, पहाटे कोरडा खोकला येतो आणि गाल खरखरीत झाले आहेत. हवेत ओलावा हवा यावर घरात एकमत आहे, तो कशाने आणायचा यावर तीन मतं. सासूबाई म्हणतात, वाफाऱ्याचं मशीन घरात आहेच, तेच रात्रभर लावा. यजमानांनी सहा लिटरचा, रंगीत दिवे आणि सुगंधाची सोय असलेला अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर ऑनलाइन निवडून ठेवला आहे. टोरांटोच्या जाऊबाईंचा आग्रह वातीवाल्याचा. त्यांच्याकडे तर अख्ख्या घराला एकच यंत्र बसवलेलं आहे. बजेट चार हजार. सोसायटीला एक दिवसाआड टँकर येतो आणि नळांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. “पाणी उकळून गार करून घातलं तर चालेल ना? आणि नेमका कोणता घेऊ?”

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य नळावरच्या पांढऱ्या थराचं आहे. निम्मा निर्णय तिथेच होतो. पण त्याच्याही आधी एक विचारू का? तुमच्या खोलीतली हवा कोरडी आहे हे कशावरून ठरलं?

नाक सुकतं, गाल फुटतात, म्हणजे हवा कोरडीच असणार, हा अंदाज बरोबर असू शकतो. पण पुण्यातल्या हिवाळ्याचं गणित जरा फसवं आहे. पहाटे बाहेर १२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते. तीच हवा खोलीत येऊन २४ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता उरते ३८ टक्क्यांच्या आसपास, कारण हवेतलं पाणी तेवढंच राहतं आणि गरम हवेची ते धरण्याची ताकद वाढते. त्यात बंद खोलीत तिघं झोपलेले. झोपलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे पहाटेपर्यंत तुमच्या खोलीतला आकडा ४५ वर गेला असेल, तर नवल नाही. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत असावी असं साधारण धरतात. तुम्ही आधीच त्या पट्ट्यात असाल, तर यंत्र घेऊन फक्त भिंती ओल्या होतील. पुण्यात खरी कोरडी वेळ दुपारची, आणि त्यातही फेब्रुवारी ते एप्रिलमधली. तेव्हा बाहेरचा आकडा २०-२५ टक्क्यांवर येतो.

म्हणून पहिली खरेदी ह्युमिडिफायरची नको. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. घड्याळासारखा दिसतो, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो. स्वस्त मीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, तेव्हा आधी त्याचीच परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं, तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवा. मग तो पाळण्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि आठवडाभर तीन वेळा आकडा लिहा: रात्री झोपताना, पहाटे पाचच्या सुमारास, दुपारी तीनला. पहाटेचा आकडा सतत ३५ च्या खाली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. ४० च्या वर असेल, तर खोकल्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही सांगायला हवं. रात्री लावलेली मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल. संध्याकाळचा धूप. बाळाला अजून ओवा-वावडिंगाची धुरी देत असाल, तर ती आजपासून बंद. शेजारी चालू असलेलं बांधकाम. थेट पाळण्यावर फिरणारा पंखा. तो एकच्या स्पीडवर आणा किंवा पाळणा सरकवा, कारण चेहऱ्यावरून वाहणारी हवा नाक सुकवते, मग खोलीची आर्द्रता कितीही असो. एसीबद्दलही हेच. मुंबई-ठाण्याचे वाचक ‘एसीने हवा कोरडी होते’ म्हणून ह्युमिडिफायर विचारतात. तिथे एसी ७५-८० टक्क्यांची हवा ५०-५५ वर आणतो, आणि तो त्याचा उपकारच आहे. त्रास होतो तो झोताचा. पाती वर करा. अंघोळीचं पाणी कढत असेल, साबण रोज लागत असेल, तर गालांचं कोडं तिथे सुटेल: कोमट पाणी, पाच मिनिटांत अंघोळ आणि अंग टिपल्याबरोबर ओलसर त्वचेवरच मॉइश्चरायझर.

नाकासाठी केमिस्टकडे मिळणारे सलाइनचे थेंब, झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन, हे कुठल्याही यंत्रापेक्षा थेट काम करतात. बाळाची नखं कापलेली ठेवा, कारण खपली बहुतेक वेळा बोटानेच निघते. आणि रक्त वाहायलाच लागलं, तर बाळाला बसवून किंचित पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता धरायचा. दहा मिनिटांनीही थांबलं नाही, वारंवार यायला लागलं, श्वास भरभर चालू असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर मीटर-बिटर बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. ह्युमिडिफायर हे सर्दीचं औषध नव्हे. कोरड्या हवेने सुकलेल्या नाकाला बरं वाटावं, एवढंच त्याचं काम.

समजा, तुमचा आकडा खरंच ३० च्या आसपास निघाला. आता घरातली तीन मतं बघू.

सासूबाईंचं मशीन. त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: उकळलेल्या पाण्यातून फक्त वाफ उठते, क्षार भांड्यातच राहतात आणि जंतू मरतात. तुमच्यासारख्या पाण्याला हा गुण मोठा. तरीही १४ महिन्यांच्या मुलाच्या खोलीत मी ते ठेवणार नाही. मूल उभं राहायला लागलंय, वायर दिसली की ओढणार, आणि उकळतं पाणी अंगावर येणार. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मुलांच्या खोलीत गार फवाऱ्याचंच यंत्र ठेवा म्हणतात, ते याच कारणाने. शिवाय आपल्याकडची साधी प्लास्टिकची वाफारा मशीनं दहा-पंधरा मिनिटं वाफ घेण्यासाठी बनवलेली असतात, रात्रभर चालण्यासाठी नाही. यातल्या अनेकांत गरम होणारी कॉइल नसतेच. दोन पट्ट्या पाण्यात बुडालेल्या असतात आणि वीज थेट पाण्यातून जाते. त्यामुळे प्लग चालू असताना झाकण उघडून पाणी घालणं म्हणजे शॉकला आमंत्रण. आरओचं पाणी घातलं की वाफ निघत नाही, कारण क्षाराविना पाणी वीज नेत नाही. मग कोणीतरी चिमूटभर मीठ टाकतं, ती चिमूट मोठी होते, मशीन उकळतं पाणी थुंकायला लागतं आणि घरातला एमसीबी पडतो. खर्चही धरा: लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट वीज जाते. पाणी थंड असताना फवारणाऱ्या यंत्राला अख्ख्या रात्रीत त्याच्या निम्मीही लागत नाही. सासूबाईंना एवढं सांगा, की मोठ्या माणसाच्या चोंदलेल्या नाकाला, टेबलावर ठेवून, समोर बसून घ्यायला ते मशीन उत्तम आहे.

जाऊबाईंचं म्हणणं त्यांच्या गावी शंभर टक्के खरं आहे. टोरांटोत बाहेर उणे १० अंश असताना ती हवा घरात २१ अंशांवर तापवली, की आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली येते. तिथे घराला फर्नेस असतो, गरम हवा नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत फिरते, आणि त्या नळकांड्यावरच ह्युमिडिफायर बसवतात. पाणी एका जाळीदार पॅनेलवरून झिरपतं, हवा त्यातून जाते आणि पॅनेल दर हिवाळ्याला बदलायचं. आपल्या फ्लॅटमध्ये ती नळकांडीच नाहीत, तेव्हा तो विषय मिटला. परदेशातल्या वाचकांसाठी एवढं नक्की सांगायला हवं, की तिकडे भीती उलट टोकाची असते. बाहेर जितकी थंडी, तितका घरातला आकडा कमी ठेवावा लागतो: बाहेर उणे ७ असताना ३५ टक्के, उणे १८ ला २५, उणे २९ ला १५. त्याहून वर नेलं की काचांवर पाणी सुटतं, मग चौकटीत आणि भिंतीच्या आत बुरशी. सकाळी खिडकीच्या काचेवर धारा दिसल्या, तर लगेच सेटिंग खाली.

पण जाऊबाईंचा वातीवाला छोटा ह्युमिडिफायर आपल्याकडेही तत्त्वाने सगळ्यात सरस आहे. कागदी मधाच्या पोळ्यासारखी वात पाणी शोषते, पंखा तिच्यातून हवा फेकतो. दिसेल असा फवारा नाही, त्यामुळे दुकानात उभं राहिलं, तर यंत्र चालू आहे की नाही असं वाटतं. तीच त्याची खूण: पाणी खरोखर हवेत मुरून बाहेर पडतंय. क्षार वातीतच अडकतात. आणि हवा ओलसर होत गेली, की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे खोलीचं डबकं होत नाही. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. त्यांचा कूलर म्हणजे याच तत्त्वाचा थोरला भाऊ, फक्त तो खिडकी उघडी ठेवून चालवायचा असतो. अडचण वातीची आहे. टँकरच्या पाण्याने ती काही आठवड्यांत पापडासारखी कडक होते, पाणी वर चढत नाही, आणि ओल्या मोज्यांसारखा वास यायला लागला की धुऊन काही होत नाही, फेकावीच लागते. आपल्याकडे अशी मॉडेलं मोजकी, आणि सुटी वात मिळण्याची खात्री त्याहून कमी. घ्यायचाच झाला, तर नियम एकच: यंत्रासोबत दोन जादा वाती त्याच ऑर्डरमध्ये येत असतील तरच घ्या. वात दर दोन-तीन दिवसांनी उलटी करा, पिळू नका.

आता यजमानांची निवड. अल्ट्रासोनिक यंत्रात तळाशी एक रुपयाच्या नाण्याएवढी चकती असते. ती सेकंदाला सतरा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवते. आवाज जवळजवळ नाही, वीज २५-३० वॅट, किंमत बजेटात. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाहेर पडणारी ती पांढरी लाट वाफ नसते, पाण्याचे थेंब असतात, आणि पाण्यात जे जे विरघळलेलं आहे ते सगळं त्या थेंबांतून हवेत जातं. थेंब सुकतो, क्षाराचा कण उरतो. फर्निचरवर पिठासारखी धूळ बसते ती हीच. टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, ६०० मिलिग्रॅम असेल आणि रात्रीत ८०० मिलिलिटर पाणी संपलं, तर जवळपास अर्धा ग्रॅम क्षार तुम्ही बंद खोलीत उडवला. भारतात २४ तासांच्या सरासरीसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जड पाणी भरलेलं अल्ट्रासोनिक यंत्र बंद खोलीत ती सहज ओलांडतं. शेजारी एअर प्युरिफायर असेल, तर तो लाल दिवा लावून घों-घों करायला लागतो. लोक म्हणतात सेन्सर बिघडला. तो आपलं काम चोख करत असतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उकळून गार केलेलं पाणी चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, थोडा क्षार भांड्याच्या तळाशी बसतो, पण बराचसा पाण्यातच राहतो, उलट पाणी आटल्याने किंचित दाटतो. हवं ते कमी क्षाराचं पाणी. घरातल्या आरओचं घ्या, पण आधी दोनशे रुपयांच्या टीडीएस पेनने मोजा. आरओ म्हणजे क्षारमुक्त, असं नसतं. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं, आणि नळाला येणारं पाणी १२०-१५० दाखवतं. ५० च्या खाली असेल, तर निर्धास्त वापरा. वर असेल, तर गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी आणा. ते पिण्यासाठी नसतं, यंत्रासाठी चालतं, फक्त कॅन सीलबंद हवा. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मात्र नको. ते क्षारमुक्त असतं हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि ट्रेमधला बुळबुळीत थर धुऊन ते येतं, आणि अल्ट्रासोनिक यंत्र क्षारांप्रमाणे तेही बाळाच्या नाकापर्यंत पोचवेल. घरी आणलेल्या यंत्राची परीक्षाही सोपी आहे: तीन फुटांवर काळी काच किंवा बंद टॅब्लेट रात्रभर ठेवा. सकाळी बोट फिरवून पांढरी रेघ उमटली, तर पाणी बदला.

सहा लिटर कशाला? तुमची खोली १० बाय १२ आणि छत साडेनऊ फुटांवर धरलं, तर आत साधारण ३२ घनमीटर हवा आहे. २४ अंशांवर ३० टक्क्यांवरून ४५ वर न्यायला एकदा शंभरेक ग्रॅम पाणी लागतं. स्लायडिंग खिडक्या बंद असल्या तरी फटींतून तासाला निम्मी ते पूर्ण हवा बदलते, म्हणून पुढे दर तासाला ५० ते १०० ग्रॅम. आठ तासांत अर्धा ते एक लिटर, बस. तेव्हा अडीच-तीन लिटरची टाकी पुष्कळ झाली. मोठी टाकी म्हणजे तीन-तीन दिवस साठलेलं कोमट पाणी आणि ‘उद्या धुऊ’. याउलट टेबलावरचे यूएसबीचे इवलेसे पेले तासाला ३० मिलिलिटर देतात; ते शोभेचे. खोक्यावर बघायचा आकडा: तासाला २०० ते ३०० मिलिलिटर, आणि तो कमी-जास्त करायचं बटण किंवा चकरी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे यंत्र धुता येतं का. टाकीचं तोंड एवढं रुंद हवं, की तुमचा हात तळापर्यंत जावा. पाणी वरून भरायची सोय असेल तर उत्तम. उलटी करून बुडाचं झाकण फिरवायच्या टाक्यांत झाकणाची रबरी रिंग एकदा तिरपी बसली, की रात्रीत टेबलभर पाणी. पाणी संपल्यावर आपोआप बंद होणं आवश्यक. रंगीत दिवे बाळाच्या झोपेच्या मुळावर. यंत्राच्या अंगावर दिसणाऱ्या आर्द्रतेवर विसंबू नका; त्याचा सेन्सर स्वतःच्याच फवाऱ्यात बसलेला असतो. खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेला तुमचा मीटर खरा.

सुगंधाच्या सोयीबद्दल थोडं कडक बोलतो. टाकीत काहीही टाकायचं नाही. निलगिरीचं तेल नाही, कापूर नाही, पुदिन्याचा अर्क नाही. तेलाने टाकीचं प्लास्टिक तडकतं, चकतीवर थर बसतो, ही झाली यंत्राची गोष्ट. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर आणि मेंथॉल हुंगवणंच धोक्याचं आहे. ओवा-कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधलेली असेल, तर तीही काढा. ‘पाणी खराब होऊ नये’ म्हणून जंतुनाशक घालायचा मोह तर अजिबात नको. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायची खास जंतुनाशकं घरोघरी विकली गेली. २०११ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने फुप्फुसं निकामी होणाऱ्या एका विचित्र आजाराचा धागा त्यांच्यापर्यंत नेला. बळी पडलेल्यांत लहान मुलं आणि गर्भवती स्त्रिया होत्या. गिळल्यावर फारसं न बाधणारं रसायन श्वासातून खोल गेलं, की वेगळंच वागतं.

आता धुण्याचा नेम. हा पाळणार नसाल, तर यंत्र घेऊच नका. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतायचं, टाकी आणि तळ पुसून झाकण उघडं ठेवून दिवसभर वाळू द्यायचं, रात्री ताजं पाणी. दर तिसऱ्या दिवशी तळात कप-दीड कप पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व किंवा निम्मं पाणी-निम्मं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायचं, चकतीवरचा थर मऊ जुन्या टूथब्रशने उचलायचा आणि दोनदा धुवायचं. सुरी, तारेची घासणी चकतीला लावायची नाही. एक चरा पडला की फवारा अर्धा होतो. आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, जे केमिस्टकडे मिळतं, किंवा चार लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साधं ब्लीच. वीस मिनिटं ठेवून वास जाईपर्यंत धुवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी वायू सुटतो. कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर दिसला, तर तो जिवाणूंचा. त्या दिवशी यंत्र बंद. मोटरचा भाग नळाखाली धरू नका. फवारा अचानक कमी झाला, तर सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी दोन गोष्टी बघा: चकतीवर क्षार चढलाय का, आणि तळातला छोटा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, अडकलाय का. दहापैकी नऊ वेळा यातलंच काहीतरी असतं.

ठेवायचं कुठे? जमिनीवर नको, कारण फवारा गार असतो, खाली उतरतो आणि फरशी निसरडी होते. कमरेच्या उंचीच्या स्टुलावर, पाळण्यापासून पाच-सहा फुटांवर, तोंड खोलीच्या मध्याकडे. लाकडी कपाट आणि प्लगच्या बोर्डकडे वळवू नका. वायर मुलाच्या हाती लागणार नाही अशी. मीटरने ५० दाखवलं की बंद. घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल, तर ४५ वरच थांबा; गादीतले धूळकिडे ५० च्या पुढे जोमाने वाढतात.

आणि एक बिनपैशाचा उपाय, जो मी तुम्हाला सगळ्यात आधी करून बघायला सांगेन. मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांत दोनेक लिटर पाणी असतं. बाल्कनीतला वाळत घालायचा स्टँड रात्री बाळाच्या खोलीत आणा आणि पंखा एकवर ठेवा. कपडे पुरेसे नसतील, तर अंघोळीचा मोठा सुती टॉवेल भिजवून, थेंब गळायचा थांबेपर्यंत पिळून खुर्चीच्या पाठीवर पसरा. हाताने पिळलेला टॉवेल साधारण स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रात्री आणि सकाळी तोलून पाहा, किती हवेत गेलं ते ग्रॅममध्ये कळेल. दोन टॉवेलांत तुमचा पाऊण लिटरचा हिशेब जवळपास बसतो, पांढरी धूळ नाही, टाकी धुणं नाही. जंतुनाशकाच्या किंवा कंफर्टच्या उग्र वासाचे कपडे मात्र नकोत.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात मीटर आणि सलाइनचे थेंब. पुढच्या आठवड्यात, आकडा ३५ च्या खाली राहिला तर टॉवेल आणि कपडे. त्यानेही ४० गाठलं नाही, किंवा रोजची पिळापिळ तुमच्याने होत नसेल, आणि आरओचा टीडीएस ५० च्या खाली असेल, तर यजमानांना तीन लिटरचा, वरून भरायचा, बिनदिव्यांचा अल्ट्रासोनिक मागवायला सांगा. टीडीएस पेनसकट सगळं चार हजारांच्या आत बसेल. आरओ नसेल आणि कॅन आणणं जमणार नसेल, तर अल्ट्रासोनिक नको. जादा वातींसकट वातीवाला मिळतो का ते शोधा, नाहीतर टॉवेलच बरे.

घेतलाच, तर मे अखेरीस तो शेवटचा लिंबूसत्त्वाने धुवा, दोन दिवस पूर्ण वाळवा आणि टाकीचं झाकण न लावता खोक्यात ठेवा. ओलसर बंद केलेली टाकी दिवाळीनंतर उघडली, की आत काळे ठिपके हमखास. मीटर मात्र भिंतीवर राहू द्या. जुलैत तोच ८५ दाखवायला लागेल आणि कपाटातल्या चपलांना बुरशी कुठून येते ते कळेल.